निर्जन, म्हणूनच रम्य?

आयर्लंडच्या पश्चिमेला मोटारीने हिंडून आलेली जोडपी हटकून तिथल्या एकांताचे कौतुक करतात. आम्ही उभयतांनी कोनेमारा आणि मेयोत आठवडा काढला. एकांत खराच अपूर्व आहे. पण तो निसर्गदत्त नाही, हे मराठी प्रवासवर्णनांत क्वचितच येते.

१८४१ साली या बेटावर ८० लाखांहून अधिक माणसे होती. तो आकडा आजही पुन्हा गाठला गेलेला नाही. १८४५ पासून बटाट्यावर करपा पडत गेला. सुमारे १० लाख माणसे मेली, जवळपास तितकीच परागंदा झाली. धान्याची जहाजे मात्र त्या काळातही इंग्लंडकडे जातच होती. करपा निसर्गाचा, दुष्काळ राज्यकर्त्यांचा, असेच म्हणावे लागते.

किलरीच्या खाडीवरल्या उतारांवर ऊन तिरपे झाले की गवताखालचे समांतर वरंबे उमटून दिसतात. ते बटाट्याचे जुने वाफे. सरकारी दुष्काळी कामांवर उपाशी माणसांनी बांधलेले काही रस्ते कुठेच न पोचता डोंगरात संपतात. (१९७२ च्या खडीच्या कहाण्या घरात ऐकलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.)

आणि आपले लेखक तिथे हिरव्या रंगाच्या छटा मोजत बसतात!

डूलॉकच्या तळ्याकाठी एक साधा दगडी क्रूस आहे. १८४९ च्या मार्चमध्ये मदतीच्या आशेने लुईसबर्गहून पायी निघालेली माणसे या वाटेवर मेली. पर्यटक आज त्याच वाटेने देखावे पाहत जातात.