छंदाचं मासिक: टॅबवर की टीपॉयवर?

दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये राहून पुण्या-मुंबईचं मासिक कागदावर मागवायचं, तर हौस दांडगी हवी. इथे साधं टपाल घरपोच मिळत नाही, ते पोस्ट बॉक्सवर येतं आणि तो बॉक्स बहुधा कंपनीचा असतो. घर भाड्याचं, व्हिसा नोकरीला बांधलेला. घर बदलायची वेळ आली की पहिली रद्दीत जातात ती मासिकंच. त्यामुळे विणकाम, बागकाम, इलेक्ट्रॉनिक्स, पाककृती असल्या विषयांचे अंक टॅबवर वाचणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

टॅबची सोय खरीच आहे. क्रोशाचा नमुना मोठा करून टाके मोजता येतात, जुन्या अंकातला लेख क्षणात सापडतो. 'बालभारती'ने 1971 साली सुरू केलेल्या 'किशोर'चे जुने अंक आज संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी ही मोठीच ठेव आहे.

पण छंद हाताने करायचा असतो. सोल्डरिंग करताना सर्किटची आकृती टेबलावर उघडी पसरलेली लागते. बदललेल्या रेझिस्टरची किंमत शेजारीच पेन्सिलीने टिपून ठेवायची असते. कणकेच्या हातांनी विझलेली स्क्रीन पुन्हा जागी करणं किती वैतागाचं, हे स्वयंपाक करणाऱ्याला सांगायला नको. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टीपॉयवरचा अंक घरातलं कुणीही उचलतं. आईचं विणकामाचं मासिक चाळता चाळता मुलगी सुया मागते. पासवर्डमागे बंद असलेला अंक असा कुणाच्या हाती लागत नाही. आमच्या मते कागदाची खरी बाजू हीच आहे. शाईच्या वासाचं कौतुक त्यापुढे दुय्यम.

दुसरी काळजी मालकीची. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा पैसे परत मिळाले, पण विकत घेतलेली पुस्तकं वाचकांकडून गेली. ॲमेझॉनने 2023 मध्ये किंडलवरची मासिकांची वर्गणी थांबवली. म्हणून वर्गणी भरण्याआधी विचारावं, की ती संपल्यावर अंकाची फाइल आपल्याकडे राहणार का? प्रकाशकांनीही पीडीएफ थेट विकावी, दिरहममध्ये पैसे भरायची सोय द्यावी. परदेशातला वाचक पैसे द्यायला तयार असतो, पण अनेकदा वाट सापडत नाही.

वाट नसली की व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ येते, आणि इथे मात्र आम्हाला मध्यममार्ग दिसत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा जाहिराती आणि विकल्या गेलेल्या प्रतींवर तगली आहे. दिवाळीच्या आठवड्यात दहा गटांत पुढे ढकललेला अंक म्हणजे संपादकाच्या खिशात घातलेला हात.

मग करावं काय? दरमहाचं वाचन डिजिटल ठेवावं, पण विकतचं. कागद मोजका आणि सामाईक ठेवावा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या 2009 पासूनच्या उपक्रमातल्या पुस्तकपेट्या दुबईतल्या मराठी घरांतही फिरल्या आहेत. तशीच एक पेटी सिलिकॉन ओएसिसमधल्या कुटुंबांनी छंदाच्या अंकांसाठी करावी. दिवाळीला गावी जाणाऱ्या प्रत्येकाने परतताना सामानात दोन-तीन अंक आणले तरी ती वर्षभर पुरेल.