शिकारी कुत्रा दारात बांधावा काय?

लांब तोंडाचा, उंच पायांचा, पोट आत गेलेला कारवान कुत्रा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. लातूर-सोलापूरकडच्या वाचकांना तो परिचितच आहे. कर्नाटकात त्याला मुधोळ म्हणतात. 2005 साली तो टपाल तिकिटावर झळकला. 2020 साली पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशी कुत्र्यांचे कौतुक केले, त्यातही त्याचे नाव होते. साहजिकच शहरातल्या मुलांनाही तो हवासा वाटतो. जरूर आणावा. पण साखळीने दाराशी बांधून ठेवणार असाल तर आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा वासापेक्षा नजरेने शिकार करणारा कुत्रा. दूरवर काही हलले की तो सुटलाच! भरधाव पळताना प्रत्येक झेपेत दोनदा त्याचे चारही पाय हवेत असतात; एकदा अंग पूर्ण ताणलेले असताना आणि एकदा पाय पोटाखाली आल्यावर.

लांब दोर बांधला म्हणजे त्याला मोकळीक मिळाली, असे पुष्कळांना वाटते. आता थोडे गणित करू. समजा, 20 किलोग्रॅमचा कुत्रा मांजर पाहून धावला आणि दोर संपेपर्यंत त्याचा वेग सेकंदाला 10 मीटर झाला. वस्तुमानाच्या निमपटीला वेगाच्या वर्गाने गुणा. गतिज ऊर्जा आली 1000 जूल. दोर ताणला जाऊन तो अर्ध्या मीटरात थांबला, तर सरासरी बल 2000 न्यूटन, म्हणजे सुमारे 200 किलोग्रॅम वजनाइतके. आणि ते कुठे? त्या बारीक मानेवर! म्हणून फिरवताना दोर आखूड हवा, आणि पट्टा शक्यतो छातीला. मोकळे सोडायचे ते कुंपणाच्या आत. रानात नेऊन ससा धरायला लावणे हा तर आज कायद्याने गुन्हा आहे.

पळणे पहाटेच उरकावे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून जिभेवरचे आणि श्वासमार्गातले पाणी उडवायचे, हाच त्याचा थंड होण्याचा मुख्य मार्ग. हवा दमट असली की बाष्पीभवन मंदावते. तेव्हा कोकणात त्याला अधिकच जपावे लागते. थंडीत याच्या उलट. केस आखूड, कातडीखाली चरबी बेताची. फरशीवर पोत्याची घडी तरी टाका. (शेजारच्या काकू विचारतीलच, "उपाशी ठेवता का रे याला?" बरगड्या किंचित दिसणे हे त्याचे निरोगी रूप आहे. कीव येऊन पोळ्या वाढवू नका.) रेबीजची लस वेळेवर टोचून घ्यावी, हे सांगायला नकोच.

घरच्या मांजराशी लहानपणापासून ओळख करून दिली तर बहुधा जमते. परक्या, पळत्या मांजराच्या बाबतीत मात्र त्याचा भरवसा धरू नये.

आणि रोज पहाटे त्याच्याबरोबर जाणार कोण? पहिले पंधरा दिवस तुम्ही, मग आई? दहावीच्या वर्षी कोण? हे घरात सर्वांसमोर ठरवा आणि मगच पिल्लू पाहायला जा.