वेगाचें चित्र

धांवत्या प्राण्याचें छायाचित्र घेण्यास सेकंदाच्या सहस्रांशाचें शटर हवें, असा पुष्कळांचा समज आहे. त्यानें काळविटाचा केंस न् केंस दिसतो खरा, परंतु त्याचा वेग चित्रांतून नाहींसा होतो. आमच्या मतें शटर १/३० सेकंदाचें ठेवावें. प्राणी समोरून आडवा जात असतां कॅमेरा कमरेपासून त्याच्याच गतीनें वळवीत न्यावा, व कळ दाबल्यावरही हात थांबवूं नये. म्हणजे मस्तक स्पष्ट उमटतें आणि मागील गवताच्या रेषा होऊन वेग दृष्टीस पडतो. बहुतेक चित्रें फसतील. तरी धीर सोडूं नये.

मात्र येथेंच मोह उत्पन्न होतो. प्राणी आपण होऊन धांवेना, म्हणून कित्येक जण त्यास हांकतात, पक्ष्यांच्या थव्यावर खडे फेंकतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें वन्य प्राण्यास हांकणें हेंही शिकारींतच मोडतें. बंदूक टाकून कॅमेरा घेतल्यानें मन दयाळू होतेंच असें नाहीं. रेहेकुरीच्या माळावर काळवीट स्वेच्छेनें धांवेपर्यंत जो बसून राहील, त्यासच त्या चित्राचा अधिकार. देवानें निर्मिलेल्या जिवाची भीति ही आमच्या कौतुकाची किंमत होऊं नये. यास्तव पालकांनींही मुलाच्या चित्राची वाखाणणी करण्यापूर्वीं तें कसें मिळविलें, हें अवश्य विचारावें.