पंतांचा लखोबा

८ ऑक्टोबर १९६२ रोजी आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग झाला. नाटक मराठी, ते उभे करणारी संस्था मो. ग. रांगणेकरांची ‘नाट्यनिकेतन’, आणि नारळ फुटला तो मात्र दिल्लीत. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे म्हणून त्या रात्री प्रभाकर पणशीकर रंगमंचावर आले, तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. त्या रात्रीपासून पणशीकर हे नाव आणि हे नाटक मराठी माणसाने कधी वेगळे उच्चारले नाही.

नाट्यसृष्टीत त्यांना सारे ‘पंत’ म्हणत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत, शास्त्री-पंडितांच्या घरात त्यांचा जन्म झाला. महाभारताचे व्यासंगी भाष्यकार दाजी पणशीकर हे त्यांचे बंधू. अशा घरातला मुलगा तोंडाला रंग लावायला निघाला, तेव्हा त्याचे कौतुक होणे शक्यच नव्हते. पंतांनी घरापेक्षा नाटक जवळ केले. नाट्यनिकेतनमध्ये पडेल ते काम करत, मिळेल ती भूमिका घेत ते उमेदवारीची वर्षे जगले. विंगेत उभे राहून दुसऱ्यांची नाटके पाठ करणे हेच त्यांचे शिक्षण.

लखोबाची भूमिका नटाकडून काय मागते, हे जरा नीट पाहिले पाहिजे. माधव काझी या ठकसेनाच्या गाजलेल्या खटल्यावरून अत्र्यांनी हे नाटक रचले. सगळा खेळ कोर्टात चालतो. साक्षीदार पिंजऱ्यात येतो, सांगू लागतो, दिवे जातात, रंगमंच फिरतो आणि त्याने सांगितलेली हकिकत आपल्यासमोर घडू लागते. त्या हकिकतीत आरोपी दिवाकर दातार असतो, कधी दाजीशास्त्री दातार, कधी लष्करी गणवेशातला कॅप्टन अशोक परांजपे, कधी राधेश्याम महाराज. पुन्हा अंधार, पुन्हा मंच फिरतो, आणि कोर्टात तोच निपाणीचा लखोबा शांतपणे उभा. जणू मघाशी काही घडलेच नाही.

प्रेक्षकाला दिसतो तो एवढाच अंधाराचा क्षण. त्या क्षणात विंगेत काय चालत असेल? कोट उतरायचा, गणवेश चढवायचा, टोपी बदलायची, मिशी सांभाळायची. आणि याहून अवघड काम कपड्यांच्या आतले. सीमाभागातली कानडी हेल घेतलेली मराठी जिभेवरून पुसायची आणि तिथे शास्त्रीबुवांची शुद्ध भाषा आणायची, खांदे बदलायचे, नजर बदलायची. पाच माणसे पाच वेगळी दिसली पाहिजेत, आणि पाचांच्या तळाशी एकच लबाड माणूस आहे हेही प्रेक्षकाला कळत राहिले पाहिजे. फार वेगळी दिसली तर खटला कोसळतो, फार सारखी दिसली तर फसलेली माणसे मूर्ख ठरतात. या दोन्हींच्या मधली वाट पंतांना सापडली होती. या नाटकाच्या प्रयोगाचे चित्रण उपलब्ध आहे. ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी साक्षीदार बोलत असतानाचा लखोबा तेवढा पाहावा. संवाद दुसऱ्याचा चालू असतो आणि डोळे मात्र लखोबावरून हलत नाहीत.

या लखोबावर महाराष्ट्र हसला. पण हसता हसता आपण कुणाला हसतो आहोत हे त्याला जाणवत राहिले, ही पंतांची खरी कमाई होती. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने दुसरे लग्न गुन्हा ठरवले होते, तरी चांगले स्थळ म्हटले की चौकशी न करता मुलगी उजवून टाकणारी घरे गावोगाव होती. नावे बदलून लग्नामागून लग्ने करणारा लखोबा त्यांच्याच जिवावर जगत होता. त्याला नुसता खलनायक केले असते तर प्रेक्षक त्याच्यापासून दूर बसून निवांत राहिला असता. पंतांनी त्याला लाघवी केला. म्हणून तो बोचला.

आम्हांला मात्र या भूमिकेपेक्षाही मोठे वाटते ते तिचे सातत्य. दोन हजारांहून अधिक प्रयोग! एकतिशीत हाती आलेली भूमिका हा नट सत्तरीतही करत होता. फिरता रंगमंच सुटा करायचा, लादायचा, पुढच्या गावी पुन्हा जोडायचा. बसमध्ये रात्र काढायची, दुपारी डोळा लागतो न लागतो तोच रंगपटात जाऊन बसायचे, तिसरी घंटा झाली की पुन्हा पहिल्यापासून. सिनेमातला नट एकदा चांगला वठला की कायमचा वठतो. नाटकातल्या नटाला ती सोय नाही. काल मिळालेली टाळी आज कामाला येत नाही, कारण आज समोर बसलेल्या माणसाने तिकीट आज काढलेले असते. ही जाणीव ठेवून दोन हजारावा प्रयोगही पहिल्यासारखा करणे, याला आम्ही प्रतिभेइतकेच मोल देतो.

पंत केवळ आपल्या भूमिकेत रमले नाहीत. १९६३ साली त्यांनी मोहन वाघ यांच्या साथीने ‘नाट्यसंपदा’ काढली. मालक-नट म्हटला की नाटकाचा मध्य त्याच्याकडे, हा आपल्याकडचा जुना रिवाज. १९६६ साली ‘अश्रूंची झाली फुले’ आले, तेव्हा प्राध्यापक विद्यानंदांची भूमिका पंतांनी केली आणि त्यांचा विद्यार्थी लाल्या काशीनाथ घाणेकरांचा होता. लोक लाल्यासाठी वेडे झाले. शिट्ट्या, टाळ्या, गर्दी, सगळे त्या तरुण नटाच्या वाट्याला गेले, आणि विद्यानंद आपल्या अधःपाताचा उतार तितक्याच निष्ठेने उतरत राहिला. तो तसा उतरला नसता तर लाल्याचे चढणे कुणाला दिसले असते? पुढच्याच वर्षी, २४ डिसेंबर १९६७ रोजी, ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आले. दारव्हेकरांचे लेखन-दिग्दर्शन, अभिषेकीबुवांचे संगीत, खाँसाहेब म्हणून वसंतराव देशपांडे. संगीत नाटकाचे दिवस संपले असे जाणकार सांगत असताना त्यात पैसा घालण्याची छाती या गद्य नटाने दाखवली.

‘इथे ओशाळला मृत्यू’मधला औरंगजेब आणि ‘थँक यू मिस्टर ग्लाड’मधला तुरुंगाधिकारी ग्लाड या भूमिकांवर स्वतंत्र लिहायला हवे. एवढेच म्हणतो की, प्रेक्षक ज्यांचा द्वेष करायला आला होता अशा माणसांकडे पंतांनी त्याला नीट पाहायला लावले.

१३ जानेवारी २०११ रोजी पुण्यात पंत गेले. राज्य शासनाचा रंगभूमी जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो, हे योग्यच आहे. पण पुरस्काराने नाव टिकते, काम टिकत नाही. त्या अंधारात पंतांच्या हातात पुढची टोपी देणारे, फिरत्या मंचाचे खिळे जुळवणारे, दौऱ्याचा हिशेब लिहिणारे, मेकअपच्या पेट्या उचलणारे हात आता थकले आहेत, आणि दरवर्षी त्यांतले काही कमी होत आहेत. प्रयोग कसा उभा राहत होता, हे फक्त त्यांनाच ठाऊक आहे. प्रयोगांच्या वह्या, खुणा केलेल्या संहिता, जुन्या जाहिराती कुठल्या तरी माळ्यावर वाळवी लागण्याची वाट पाहत पडल्या असतील. नाट्य परिषदेने, विद्यापीठांच्या नाट्यविभागांनी आणि ज्यांच्या घरात असा एखादा कागद आहे त्या प्रत्येकाने हे काम आता हाती घ्यावे. पडद्यामागच्या या मंडळींना बोलते करावे, ते बोलणे ध्वनिमुद्रित करावे, कागद सुरक्षित जागी पोचवावेत.

१४ मार्च २०३१ रोजी पंतांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण होतील.