काल्याला बुवा आलेच नाहीत

समजा, गावात अखंड हरिनाम सप्ताह बसलाय. सात दिवस वीणा जमिनीला टेकलेली नाही, पहारेकरी आळीपाळीने तिच्यासाठी रात्री जागलेत. आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन. मांडव भरलाय, दहीहंडी टांगलीय, इंद्रायणीचा भात शिजून झाकून ठेवलाय. आणि बुवांचा निरोप येतो: ‘काला अजून मनासारखा जमत नाही. जमला की येईन. तोवर माझं दुसरं एक आख्यान ऐका.’ भोर-वेल्ह्याच्या कुठल्याही गावात असं एकदा करून दाखवा. पुढच्या सालची सुपारी जाईलच, वर म्हाताऱ्या बाया तोंडावर विचारतील, “आवं बुवा, मंग ह्या विणेकऱ्यानं वीणा ठिवायची तरी कवा?”

जगभरच्या कादंबरी वाचणाऱ्या शहाण्यांनी मात्र असा बुवा डोक्यावर घेतलाय. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी १९९६ साली राजे, ड्रॅगन आणि न संपणाऱ्या हिवाळ्याची गोष्ट सुरू केली. आधी तीन खंडांत संपणार होती, मग सातावर गेली. पाचवा खंड २०११च्या जुलैत आला. त्याच वर्षी तिच्यावरची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली, पुढे मालिका पुस्तकाला मागे टाकून गेली आणि २०१९ साली संपलीसुद्धा. म्हणजे पोराचं लग्न होऊन नातू रांगायला लागला आणि बापाच्या साखरपुड्याची तारीख ठरायचीच आहे. सहावा खंड लिहायचा सोडून मार्टिनबुवांनी २०१८ साली त्याच राजघराण्याची बखर काढली. तीही दोन भागांतला पहिला भाग! या माणसाला शेवटाचं वावडं आहे, असं मी म्हणालो की माझे इंग्रजी वाचणारे मित्र दुखावतात. दुखावू द्या. तो पाचवा खंड मी खिशातून पैसे मोजून घेतला तेव्हा साध्या बांधणीत त्याचेही दोन तुकडे केलेले होते, ‘भाग पहिला’ आणि ‘भाग दुसरा’, आणि दोन्हींची किंमत वेगळी. एका गोष्टीचे पैसे दोनदा घ्यायला प्रकाशकाला प्रेरणेची वाट पाहावी लागत नाही, हे तेव्हा ध्यानात आलं.

माझा खरा राग मार्टिन यांच्यावर नाही, त्यांच्या चोपदारांवर आहे. ‘कलावंताला वेळ द्या’, ‘निर्मितीवर घड्याळ लावू नका’, ‘वाचकाचा लेखकावर हक्क नसतो.’ लेखक नील गेमन यांनी २००९ सालीच एका वाचकाला सुनावलं होतं की लेखक काही तुमच्या दावणीला बांधलेला नाही. त्यांचे शब्द याहून शिवराळ होते. तेव्हापासून शेवटचा खंड कधी, असं विचारणारा प्रत्येक वाचक जगाच्या दृष्टीने हावरट ठरला. मध्यंतरी आमच्याकडे व्याख्यानाला पुण्याहून एक गृहस्थ आले होते, तेही हेच तत्त्वज्ञान ऐकवून गेले. त्यांचं भाषण दिलेल्या वेळेपेक्षा अर्धा तास जास्त चाललं आणि मानधनाचं पाकीट त्यांनी जागेवरच मोजून घेतलं. वेळ फक्त वाचकाने द्यायचा असतो.

आणि वाट पाहण्याचे धडे आम्हाला तर कुणी देऊच नयेत. नीरा देवघरचं धरण भरलं, कालवे रखडले. गुंजवणीचं धरण वेल्ह्यात धानेपला उभं राहिलं, पाणी बंद नळीतून नेण्याची कामं रेंगाळली. मध्यंतरी, २०२४ साली, तालुक्याचं नाव बदलून राजगड करायला मंत्रिमंडळाची मंजुरी मात्र झटक्यात मिळाली. पण पाण्यासाठी मोर्चा निघतो तेव्हा कुणी माईक घेऊन सांगत नाही, की अभियंत्याला आतून स्फुरू द्या.

मालिका लिहिणं म्हणजे हप्त्याने पैसे घेऊन काम करणं. एकच कादंबरी लिहिणाऱ्याने दहा वर्षं लावावीत, तीस लावावीत, कुणाचा दमडीचा संबंध नाही. ज्याने मुखपृष्ठावर ‘खंड पहिला’ छापलं, त्याने दुसऱ्याची जबान दिली. ती जबान विकूनच पहिला खपला. हे न कळण्याइतका कलावंत भोळा असेल तर त्याचा प्रकाशक तरी नाही.

ज्याला कळलं त्याने काय केलं पाहा. रॉबर्ट जॉर्डन यांची ‘व्हील ऑफ टाइम’ १९९० साली सुरू झाली. अकरा खंड झाले आणि रक्ताच्या दुर्मिळ आजाराने माणूस खचला. २००७च्या सप्टेंबरात गेला. पण जाण्याआधी त्याने शेवट कसा व्हायचा ते घरच्यांना सांगून ठेवलं, टिपणं ठेवली. बायको हॅरिएट मॅकडूगल त्याची संपादकही होती. तिने ब्रँडन सँडरसन नावाचा तरुण लेखक गाठला. एक खंड उरला होता, त्याचे तीन झाले, ही त्या धंद्याची खोड म्हणा, पण २०१३च्या जानेवारीत चौदावा खंड दुकानात आला आणि गोष्ट संपली. सँडरसनची भाषा जॉर्डनसारखी नाही, हे चाहते आजही बोलून दाखवतात. बोलू देत. त्यांच्या हातात शेवट आहे म्हणून बोलतात.

यात आपल्याला नवल वाटायचं काही कारण नव्हतं. चारशे वर्षांपूर्वी पैठणात हेच झालं होतं. एकनाथांचं ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत आलं आणि १५९९ साली नाथांनी देह ठेवला. लंकेत लढाई जुंपलेली, रावण जिवंत, आणि लिहिणारा गेलेला. पुढचं सगळं, उत्तरकांडासकट, गावबाने पुरं केलं. पुरणपोळीच्या लोभाने नाथांघरी राहिलेला, मंत्रही धड न येणारा पोरगा अशी त्याची आख्यायिका. आमच्याकडे देवळात पोथी लागते तेव्हा ऐकणाऱ्या माणसांना नाथ कुठे थांबले आणि गावबा कुठे सुरू झाला याचा पत्ताही नसतो. त्यांना एवढंच ठाऊक असतं, की रावण पडतो आणि राम अयोध्येला येतो. नाथांची थोरवी गावबाने कमी झाली, असं पैठणात कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. शेवट हा ऐकणाऱ्याचा असतो, सांगणाऱ्याने तो फक्त जपून आणायचा, एवढी जाण त्या काळात होती. आजच्या लेखकाला जमत नसेल तर त्याने गावबा नेमावा. पण त्यासाठी गोष्ट आपल्यापेक्षा मोठी आहे हे कबूल करावं लागतं. तिथेच घोडं पेंड खातं.

मार्टिनबुवांचं हे सगळं परक्या मुलखातलं म्हणून ज्यांना गुदगुल्या होतायत, त्यांच्याकडे आता वळतो.

भालचंद्र नेमाड्यांची ‘झूल’ १९७९ची. त्यानंतर ‘हिंदू’ येणार, येणार म्हणून मराठी वाचक तीन दशकं मान वर करून बसला. २०१० साली ती आली, जाडजूड, ‘जगण्याची समृद्ध अडगळ’ हे उपशीर्षक मिरवत. वाद झाले, चर्चासत्रं झाली, पुढे ज्ञानपीठही आलं. आणि ती चार खंडांतला पहिला खंड आहे, हे तेव्हाच सांगितलं गेलं होतं. उरलेले तीन कुठे आहेत? मी हा प्रश्न नेमाड्यांना विचारत नाही. त्यांनी लिहावं किंवा लिहू नये. मी विचारतो ते त्या वाचकाला, ज्याने ‘हिंदू’ दिवाणखान्याच्या कपाटात दिसेल अशी लावलीय. तिच्या नायकाचं, खंडेरावाचं पुढे काय झालं, हे त्याला खरंच जाणून घ्यायचंय का? मार्टिनचे चाहते शिव्या देतात, तारखा लावतात, पैजा मारतात. आपल्याकडे एक ओरडा नाही, एक पोस्टकार्ड नाही. याला कुणी संयम म्हणत असेल तर त्याला माझा कोपरापासून नमस्कार. ज्याला भूक असते तो ताटावर बसून हाका मारतो. गप्प बसलेला माणूस एकतर जेवून आलेला असतो, नाहीतर जेवायला आलेलाच नसतो.

एकेकाळी आपणही हाका मारत होतो. हरिभाऊ आपट्यांचं ‘करमणूक’ १८९०पासून निघत होतं आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’, ‘उषःकाल’ त्यातून क्रमशः आल्या. अंक येईपर्यंत वर्गणीदार तिष्ठत. हरिभाऊंच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, त्यांच्यासाठी गावबा कुणी शोधला नाही ही आपली नामुष्की. आणि नाथमाधव! शिकारीला गेला असताना सिंहगडाच्या कड्यावरून कोसळून कमरेखाली लुळा झालेला हा माणूस. तो सिंहगड राजगडाच्या माचीवरून समोर दिसतो, आमच्या पोरांना पाठ आहे. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने ‘वीरधवल’सारखी अद्भुत कादंबरी दिली आणि विसाच्या दशकात स्वराज्यमालेचे एकामागून एक सात भाग वाचकाच्या हातात ठेवले. स्फुरत नाही म्हणून त्याने कुणाला ताटकळत ठेवलं नाही. आजच्या किती वाचनालयांत ते सात भाग सलग मिळतात, जाऊन पाहा. माझ्या माहितीतल्या एका कपाटात पहिला आहे, तिसरा आहे, आणि जो शेवटचा म्हणून आहे त्याची मागची पानं कुणीतरी फाडून नेलीत. नोंदवहीत मात्र ‘संच पूर्ण’ असा शेरा. ग्रंथपालांना विचारलं तर म्हणाले, “साहेब, इतक्या वर्षांत तक्रार करणारे तुम्हीच पहिले.”

माझ्या बाजूच्या लोकांनाही सोडत नाही. शेवटच्या खंडासाठी लेखकाच्या नावाने खडे फोडणाऱ्यांतले निम्मे फोनवर चोरून उतरवलेली पीडीएफ वाचतात. भोरच्या एसटी स्टँडवर बसून फुकट खंड सरकवणाऱ्या पोराला मी सरळ सांगतो, बाबा, तू वर्गणी न देता पंगतीला बसलायस. वाढप्यावर डाफरू नकोस. पैसे मोजलेल्याने डाफरावं, आणि चांगलं जोरात डाफरावं.

मी स्वतः आता अर्धवट मालिका घेत नाही. शेवटचा खंड छापून आला की पहिला विकत घेतो. यावर एका विक्रेत्याने मला ऐकवलं, की सगळे तुमच्यासारखे वागले तर दुसरा खंड निघणारच नाही, पहिल्याच्या खपावरच पुढचा ठरतो. त्याचं म्हणणं चूक नाही. पण मग धोका आम्ही घ्यायचा, भांडवल आम्ही घालायचं आणि तारीख विचारली की हावरट ठरायचं, हा कुठल्या बाजारातला न्याय? ठीक आहे, तडजोडीला तयार आहे. पहिल्या खंडाच्या मुखपृष्ठावर, लेखकाच्या नावाएवढ्याच ठळक अक्षरांत छापा: ‘पुढचं आमच्या लहरीवर.’ आणि किंमत निम्मी लावा.