सोन्या द्यावा का ठेवावा?

परवा सकाळी म्हसवडहून आबांचा फोन. "सोन्यानं गट मारला रं! लगेच एकानं बोली लावली. देऊ का ठेवू?"

सोन्या म्हणजे आमच्या गोठ्यातला खिलार खोंड. अजून आदत आहे, म्हणजे दुधाचे दात पाडलेले नाहीत. भावकीत दोन तट पडलेत, आणि हा ब्लॉग वाचणारे निम्मे लोक भावकीतलेच.. तेव्हा माझं मत एकदाच इथं लिहितो, दहा फोन नकोत.

व्हिडिओ मी सात-आठ वेळा पाहिला. सोन्या पळतो देखणा. गर्दीच्या कालव्यात तास सोडला नाही, मान सरळ. घरी आल्या आल्या पेंडीला तोंड लावलं म्हणे, म्हणजे जनावर घाबरलेलं नाही. पण जोडीला कोण होता? मागून आणलेला, पुरता जुळलेला बैल, अनेक मैदानं पाहिलेला. निशाण पडताच गाडी उचलली ती त्यानं. शेवटच्या टप्प्यात व्हिडिओ थांबवून जू बघा, सोन्याच्या अंगाला मागं तिरकं झालंय. नियमानं चाबूक-काठी चालत नाही, त्यामुळे तिथं जनावराची स्वतःची ओढच दिसते. सेमीला तर गाडी तिसरी आली. आबा म्हणतात तास खराब लागला. असेल. पण मग जू सेमीलाही तसंच का?

म्हणजे बोली लागली ती अर्धी त्या जुन्या बैलाच्या पायावर. उरलेली हवेवर. हल्ली मैदानात थार गाड्या बक्षीस लागतात, त्यानं सगळ्यांचीच डोकी फिरलीत!

दुसा व्हायला साधारण अडीच वर्षं लागतात, पुरता जुळायला साडेचार-पाच. तोवर हाडं कोवळी. या वयात दर आठवड्याला मैदान दाखवलं की खुब्यात नाहीतर खुरात काहीतरी निघतंच. तेव्हा ओपनला नाहीच, आदतच्या मैदानातही क्वचित.

हे लिहायला सोपं. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या, तेव्हा आबांनी खरसुंडीच्या बाजारात दोन बैल मिळेल त्या भावाला दिले. गाय मात्र काकूनं सोडली नाही. 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठानं कायदाही उचलून धरला. सोन्या त्याच गाईचा नातू. आणि बोलीच्या पैशात बोअरचं कर्ज फिटतंय, हेही खोटं नाही.

माझं म्हणणं एवढंच.. गिऱ्हाईक पुसेगावच्या यात्रेपर्यंत थांबायला तयार आहे. तेवढ्यात सोन्याला त्याच्याच वयाच्या खोंडाबरोबर जुंपून दोन फेरे काढा, एक उजव्या खांद्यानं, एक डाव्या. जू सरळ राहिलं तर ठेवा, कर्जाला मीही हातभार लावीन. तिरकं झालं तर त्याच दिवशी द्या, मायेत अडकू नका.

काकूला हे वाचून कोण दाखवणार ते तुम्ही ठरवा. मी यात्रा होईपर्यंत गावाकडे फिरकत नाही :)