सागराचा कायदा आणि अर्धा अभ्यास

सागरी कायद्याचा आरंभ ग्रोशियसच्या १६०९ च्या 'मारे लिबेरुम'पासून झाला, असे आमची विधिमहाविद्यालये पढवितात. परंतु ती पुस्तिका ज्या ग्रंथाचे प्रकरण, तो ग्रंथ १६०३ साली डचांनी सिंगापूरजवळ पकडलेल्या एका पोर्तुगीज जहाजाच्या लुटीचे समर्थन आहे. वाद पूर्वेच्या सागराचा होता. पूर्वेचा कायदा मात्र अभ्यासक्रमात नाही! पोर्तुगीज 'कार्ताज' परवान्यावाचून जहाजे फिरू देत नसत. पुढे कान्होजी आंग्र्यांनीही आपले दस्तक सक्तीचे केले. हा कायद्याचा विषय नव्हे काय?

हा जुन्या कागदांचा शौक आहे, असे कोणी म्हणेल. त्याने १९८२ च्या सागरी कायदा कराराचे १५ वे कलम वाचावे. शेजारी राष्ट्रांच्या प्रादेशिक समुद्राची सीमा आखताना ऐतिहासिक हक्काचा विचार ते मान्य करते. तो हक्क सिद्ध व्हावयाचा तो कागदपत्रांनीच. पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरखान्यात आयुष्य वेचले ते इतिहासासाठी. विधिज्ञ तिकडे फिरकत नाहीत, कारण त्यांना ना मोडी येते, ना पोर्तुगीज. सागरी कायद्याच्या संशोधकास यांपैकी एक तरी आवश्यक करावी. पुरावा दुसऱ्यांनी वाचावा आणि निकाल आपण ऐकावा, याला वकिली म्हणत नाहीत. संशोधन तर नाहीच नाही.